परदेश दौऱ्यातील पीछेहाट (क्रिकेट)

मायदेशात किंवा जागतिक क्रमवारीत वर्चस्व असलेल्या संघाची परक्या देशातील मालिकेत दर्जाला न साजेशी कामगिरी होणे. हा प्रकार मुख्यतः कसोटी क्रिकेटमध्ये दिसतो. सलग १६ कसोट्या जिंकलेला स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलियन संघ २००१ मध्ये भारतात १-२ असा हरला. क्रमवारीत अव्वल असलेला भारत २०११ मध्ये इंग्लंडमध्ये चारही कसोट्या हरला. त्या मालिकेत अव्वल स्थान पटकावणारा इंग्लंड काही महिन्यांतच संयुक्त अरब अमिरातीत पाकिस्तानकडून ०-३ असा पराभूत झाला. ठळक अपवाद वेस्ट इंडीजचा. १९८० मधील न्यूझीलंड दौऱ्यानंतर १९९५ पर्यंत हा संघ एकही कसोटी मालिका हरला नाही. चार वेगवान गोलंदाजांचा मारा कोणत्याही खेळपट्टीवर चालत असे. तरी १९८९ मध्ये सिडनीच्या फिरकी घेणाऱ्या खेळपट्टीवर ॲलन बॉर्डरसारख्या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाने त्यांचे ११ बळी घेतले.

प्रस्तुत नोंदीत विवेचनासाठी नागपूरच्या दोन मैदानांवरील सामन्यांचा आधार घेतला आहे. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या सिव्हिल लाइन्समधील मैदानावर १९६९ ते २००६ या काळात आणि वर्धा मार्गावरील जामठ्याच्या स्टेडियमवर २००८ पासून कसोटी सामने झाले. दोन्ही ठिकाणी पाहुण्यांची दाणादाण उडाली तशी यजमानांचीही उडाली आहे. त्यामुळे प्रचलित कारणे पारखून घ्यायला हे शहर सोयीचे आहे.

यजमानांना सोयीची खेळपट्टी बनवण्याची पद्धत नेमकी केव्हा सुरू झाली, याविषयी एकमत नाही. भारतापुरते बोलायचे तर तिचा आरंभ सामान्यतः १९९३ च्या सुमारास मानतात. त्या वर्षी इंग्लंडला कोलकाता, चेन्नई आणि मुंबई येथे अनिल कुंबळे, वेंकटपती राजू व राजेश चौहान या फिरकी त्रिकुटाने ३-० असे हरवले. दुसरे मत हा काळ डिसेंबर १९५९ पर्यंत मागे नेते. कानपूरच्या ग्रीन पार्कवर नव्याने तयार केलेल्या खेळपट्टीवर जसू पटेल यांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ आणि सामन्यात १४ बळी घेतले, आणि रिची बेनॉ यांच्या बलाढ्य ऑस्ट्रेलियाला भारताने प्रथमच हरवले. मात्र कानपूरला नव्या मातीचा स्वभाव कोणालाच पुरता ठाऊक नव्हता, त्यामुळे तिथे हेतू शोधणे जरा धाडसाचे वाटते. इंग्लंडमध्येही १९५६ च्या ओल्ड ट्रॅफर्ड कसोटीत जिम लेकर यांनी १९ बळी घेतले, तेव्हा ऑस्ट्रेलियन गोटातून खेळपट्टीबद्दल उघड नाराजी व्यक्त झाली होती. म्हणजे तक्रार जुनी आहे. उघडपणे, धोरण म्हणून खेळपट्टी मागण्याची रीत मात्र बहुधा नंतरची असावी, आणि १९९३ ही तारीख त्या मर्यादित अर्थाने ग्राह्य धरायला हरकत नाही.

नागपूरची पहिली कसोटी या वादात सहसा उद्धृत होत नाही, ती व्हायला हवी. ऑक्टोबर १९६९ मध्ये न्यूझीलंडने येथे १६७ धावांनी विजय मिळवला. भारतभूमीवरील त्यांचा तो पहिला कसोटी विजय. फिरकीसाठी नावाजलेला भारतीय संघ चौथ्या डावात १०९ धावांत बाद झाला, तोही पाहुण्यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे: हेडली हॉवर्थ यांनी ३४ धावांत ५ बळी घेतले.

*माती आणि चेंडू.* दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली विदर्भातील काळी माती चिकण आहे. तिच्यातील स्मेक्टाइट गटातील खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगांचे हेच कारण, आणि खेळपट्टीवरील भेगांचेही. रोलरखाली ही माती घट्ट बसते, पण तिच्यावर चेंडू साधारणतः खाली राहतो आणि बॅटवर हळू येतो. लाल मातीत उसळी अधिक मिळते, पण वरचा थर लवकर सुटून धूळ उडू लागते. भारतातील मोठ्या मैदानांवर आता दोन्ही मातींच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात आणि कोणती वापरायची हा निर्णय यजमानांचा असतो. उरलेले काम पाणी, गवत आणि रोलर यांचे. सामन्याआधी पाणी किती दिवस तोडले आणि गवत किती ठेवले, यावर पहिल्या दिवशी चेंडू वळणार की तिसऱ्या, हे बरेचसे ठरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जामठ्याच्या खेळपट्टीचे काही भाग मुद्दाम कोरडे ठेवले, विशेषतः डावखुऱ्या फलंदाजांच्या ऑफ स्टंपबाहेरचे, असा आरोप ऑस्ट्रेलियन प्रसारमाध्यमांनी सामन्याआधीच केला होता. त्या संघात डावखुऱ्यांचा भरणा होता. सामन्यानंतर सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘सरासरी’ असा शेरा दिला.

चेंडूचा मुद्दा याला जोडूनच येतो. भारतात एसजी, इंग्लंड व वेस्ट इंडीजमध्ये ड्यूक्स, तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिकेत कुकाबुरा चेंडू वापरतात. एसजी आणि ड्यूक्सची शिवण हाताची असते व बराच वेळ उठून राहते. कुकाबुराची लवकर दबते. कुकाबुरावर वाढलेल्या गोलंदाजाला चेंडू जुना झाल्यावर अचूकतेवर आणि उसळीवर बळी मिळवायची सवय असते. जामठ्याला उसळी हरवते, आणि एसजीच्या शिवणीचा फायदा कसा उठवायचा हे कळेपर्यंत मालिका निम्मी झालेली असते.

*तंत्र.* खेळपट्टी फलंदाजाला बाद करते असे म्हणतात, पण बारकाईने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. २०२३ च्या नागपूर कसोटीत स्टीव्ह स्मिथ पहिल्या डावात ३७ धावांवर स्थिरावला होता. रवींद्र जडेजाचा चेंडू वळेल या हिशेबाने तो खेळला; चेंडू सरळ राहिला आणि बॅट व पॅडमधील फटीतून यष्टीवर गेला. दुसऱ्या डावात तर पायचीतांची रांग लागली. म्हणजे घात केला तो न वळलेल्या चेंडूंनी, आणि तेही एखाददुसरा हातभर वळतो हे डोक्यात बसल्यामुळे. ऑस्ट्रेलियाचे डाव १७७ आणि ९१ धावांत आटोपले. त्याच पट्टीवर भारताने ४०० केल्या. रोहित शर्माने १२०, आठव्या-नवव्या क्रमांकाच्या सुमारास आलेल्या अक्षर पटेलने ८४ आणि मोहम्मद शमीने ३७. शमी फलंदाजीत फार काही नाही, हे सांगायला नको. ज्या आखाड्यावर शमी ३७ करतो, तिथे अव्वल संघ एका सत्रात गारद होण्याचा दोष मातीला देता येत नाही. टॉड मर्फी या नवोदित ऑफ स्पिनरने १२४ धावांत ७ बळी घेतले, हेही लक्षात ठेवावे. ऑस्ट्रेलियाकडे गोलंदाजीचे साहित्य होते.

भारतीय फलंदाज इंग्लंडला गेले की हेच उलट्या बाजूने घडते. संथ खेळपट्टीवर पुढचा पाय आधीच टाकून, हात पुढे नेऊन खेळायची सवय लागलेली असते. तिकडे चेंडू शेवटच्या दोन-तीन हातांत दिशा बदलतो आणि ऑफ स्टंपबाहेर ढकललेली बॅट स्लिपकडे झेल देते. २०११ मध्ये अपवाद एकटा राहुल द्रविड. चेंडू उशिरा, डोळ्यांखाली खेळत त्याने तीन शतके ठोकली.

*दक्षिण आफ्रिकेची दोन रूपे.* २००६ नंतर परदेशात एकही मालिका न हरलेल्या दक्षिण आफ्रिकेची ही नऊ वर्षांची घोडदौड नोव्हेंबर २०१५ मध्ये जामठ्याला थांबली. पहिल्या डावात हा संघ ७९ धावांत बाद झाला. ऑफ स्पिनर रविचंद्रन अश्विनने सामन्यात ९८ धावांत १२ बळी घेतले. तीन दिवसांत संपलेल्या या सामन्यात दोन्हीकडून एकही अर्धशतक झाले नाही. मुरली विजयच्या ४० या सर्वाधिक धावा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला ‘खराब’ ठरवले आणि तो निर्णय योग्यच होता. पण याच मैदानावर फेब्रुवारी २०१० मध्ये याच देशाने ६ बाद ५५८ वर डाव घोषित करून भारताला एक डाव ६ धावांनी हरवले होते. हाशिम आमला नाबाद २५३, जॅक कॅलिस १७३. डेल स्टेनने ५१ धावांत ७ बळी घेतले. भारत ४ बाद २२१ वर सुस्थितीत असताना जुना चेंडू रिव्हर्स होऊ, म्हणजे हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळू लागला आणि उरलेले सहा गडी १२ धावांत गेले.

पाच वर्षांत बदलले काय? पट्टी बदलली, हे उघड आहे. पण कॅलिस निवृत्त झाला होता, स्टेन व फिलँडर हे वेगवान गोलंदाज जायबंदी होते. बलाढ्य म्हणून ओळखला जाणारा संघ दौऱ्यावर येतो तेव्हा पुष्कळदा तो आधीचा संघ राहिलेला नसतो. नाव आणि क्रमवारी मागे रेंगाळते. २०११ चा भारत याचे तितकेच बोलके उदाहरण आहे. लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी झहीर खानचा स्नायू दुखावला आणि मारा लंगडा झाला. जामठ्याला दुसऱ्या डावात आमला आणि फाफ डुप्लेसी यांनी प्रत्येकी ३९ धावा करत केलेली ७२ धावांची चिवट भागीदारी मात्र सांगते की २०१५ च्या त्या पट्टीवरही तग धरता येत होता. बाकीच्यांनी प्रयत्न फारसा लांबवला नाही.

*पूर्वतयारी.* पोरबंदरच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ १९३२ मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा दौरा महिनोन् महिने चालला आणि कसोटी एकच होती; तिच्यात नेतृत्व नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडू यांनी केले. कौंटी संघांशी भरपूर सामने खेळायला मिळाले. २०११ मध्ये भारतीय संघाने कसोटी मालिकेआधी सॉमरसेटशी एक सराव सामना खेळला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने सराव सामनाच घेतला नाही. त्याऐवजी बंगळूरुजवळ शिबिर भरवून अश्विनच्या शैलीत चेंडू टाकणाऱ्या एका तरुण गोलंदाजाला नेट्समध्ये बोलावले. नक्कल अश्विनची केली, पहिल्या डावात पाच बळी जडेजाने घेतले.

तयारीचे फळ म्हणून २००४ च्या ऑस्ट्रेलियाचा दाखला नेहमी दिला जातो. गोलंदाजांनी यष्टींवर मारा करायचा, लेग साइडला क्षेत्ररक्षक वाढवायचे, सीमारेषेवर सुरुवातीपासून माणसे ठेवायची आणि धीर धरायचा, ही योजना त्यांनी २००१ च्या पराभवानंतर आखली. मालिकेवर शिक्कामोर्तब नागपुरात झाले: ३४२ धावांनी विजय, १९६९-७० नंतर भारतातील पहिली मालिका. तरी योजनेचा पुरावा म्हणून नागपूर पुढे करणे चुकीचे ठरेल. सिव्हिल लाइन्सवर त्या वेळी हिरवेगार गवत होते. कर्णधार सौरव गांगुली ऐन वेळी बाहेर बसला, नेतृत्व द्रविडकडे आले, आणि वेगवान गोलंदाज जेसन गिलेस्पीने सामन्यात ९ बळी घेतले. गवत कोणी व का ठेवले, यावर तेव्हा क्रिकेटच्या राजकारणापर्यंत सगळी चर्चा झाली. योजनेचा खरा पुरावा बंगळूरुच्या पहिल्या कसोटीत आहे. नागपूर दाखवते ते एवढेच की घरची माती घरच्यांनाच अनुकूल असते हे गृहीतक कच्चे आहे.

हवामान, प्रवासाचा शीण आणि वेळेतील फरक यांचा परिणाम पहिल्या आठवड्यापुरता असतो. ॲलिस्टर कुक मार्च २००६ मध्ये वेस्ट इंडीजहून तातडीने नागपूरला आला आणि पदार्पणातच ६० व नाबाद १०४ धावा करून गेला.

*पंच आणि प्रेक्षक.* पूर्वी यजमान देशाच्या पंचांवर खापर फोडले जाई. पाकिस्तानने १९८६ मध्ये लाहोर कसोटीसाठी भारतीय पंच बोलावून तटस्थतेचा पायंडा पाडला. १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ झाले. यजमानांचे जिंकणे त्यामुळे थांबले नाही, म्हणून हे कारण आता दुय्यम मानतात. प्रेक्षकांच्या दबावाबद्दलही असेच म्हणता येईल. जामठा शहरापासून लांब असल्याने तिथे कसोटीला ईडन गार्डन्ससारखा गजर नसतो, तरी २०१७ मध्ये श्रीलंका येथे एक डाव २३९ धावांनी हरली.

मर्यादित षटकांच्या क्रिकेटमध्ये पट्ट्या बहुधा पाटा, म्हणजे फलंदाजीला सोप्या असतात, त्यामुळे तेथे ही पीछेहाट कमी जाणवते. उलट उदाहरण पुन्हा जामठ्याचेच. मार्च २०१६ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात न्यूझीलंडने टिम साउदी आणि ट्रेंट बोल्ट या दोन्ही हुकमी वेगवान गोलंदाजांना बाहेर ठेवून तीन फिरकी गोलंदाज खेळवले. १२७ धावांचा पाठलाग करताना भारत ७९ धावांत बाद झाला. ११ धावांत ४ बळी घेणाऱ्या मिचेल सँटनरने २०२४ मध्ये पुणे कसोटीत १३ बळी मिळवले, आणि मायदेशात सलग १८ मालिका जिंकलेल्या भारताने ती मालिका ०-३ अशी गमावली.