पार्श्वभूमी : माल्टीज मंडळांच्या टेबलावरचे अर्ज

मेलबर्नच्या पार्कव्हिल भागात, रॉयल परेड या रस्त्यावर, माल्टीज कम्युनिटी सेंटर आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या माल्टीज, म्हणजे मूळच्या माल्टा बेटावरच्या लोकांच्या, मंडळांची शिखर संस्था, माल्टीज कम्युनिटी कौन्सिल ऑफ व्हिक्टोरिया, इथून चालते. परदेशात जाऊन राहिलेल्यांचं मंडळ म्हटलं की आपल्याला सण, नाच आणि जेवणावळी आठवतात. ते इथेही असतंच. पण संस्थेचं रोजचं काम बघितलं तर त्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला जाणं आहे, त्यांना एकत्र जमवून गप्पा आणि जेवण आहे, आणि सगळ्यात जास्त आहे ते कागदपत्रं समजावून देणं. पेन्शनचा अर्ज, घरपोच मदतीचा अर्ज, दवाखान्याचं पत्र. साठ-सत्तर वर्षं ऑस्ट्रेलियात काढलेल्या माणसाला इंग्रजी अर्ज भरायला मंडळ का लागावं? हा प्रश्न मेलबर्नमध्ये सुटत नाही. त्यासाठी भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर जावं लागतं.

माल्टाचं क्षेत्रफळ जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. नदी नाही, खनिज नाही, माती पातळ. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९६४ पर्यंत राज्य इंग्रजांचं, आणि पोटापाण्याचा मोठा आधार म्हणजे त्यांच्या आरमाराची गोदी. या व्यवस्थेत एक विचित्र हिशेब होता. कुठेतरी युद्ध पेटलं की माल्टाच्या चुली पेटायच्या आणि तह झाला की विझायच्या. पहिलं महायुद्ध संपताच गोदीतली कामं गेली, पावाचे भाव चढले आणि ७ जून १९१९ रोजी राजधानी व्हॅलेटामध्ये दंगल होऊन इंग्रज सैन्याच्या गोळीबारात माणसं मेली. घर सोडणं हा तिथे हौसेचा मामला कधीच नव्हता. १८८३ सालीच काही मजूर उसाच्या कामासाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडला पोचले होते, आणि पुढे तिथल्या मकायच्या ऊसपट्ट्यात माल्टीज शेतकऱ्यांची वस्तीच झाली.

पण माल्टीज मंडळांच्या आठवणीत ठाण मांडून बसलेलं साल १९१६ आहे. त्या ऑक्टोबरमध्ये एक फ्रेंच जहाज २१४ माल्टीज पुरुषांना घेऊन ऑस्ट्रेलियाला पोचलं. जहाजाचं नाव ‘गाँज’, म्हणजे फ्रेंचांची गंगा. तेव्हा ऑस्ट्रेलियात सक्तीच्या लष्करभरतीवर सार्वमत होणार होतं, तारीख २८ ऑक्टोबर. पंतप्रधान बिली ह्यूज सक्तीच्या बाजूने होते. कामगार संघटनांना धास्ती होती की आपली पोरं आघाडीवर पाठवून त्यांच्या जागी स्वस्त मजूर आणले जातील. अशा वेळी २१४ मजुरांचं जहाज दारात उभं! ह्यूज यांच्या सरकारला ते परवडणारं नव्हतं.

अडचण अशी की माल्टाचे लोक ब्रिटिश प्रजाजन होते. त्यांना उघड उघड ‘नको’ म्हणता येत नव्हतं. मग गोऱ्यांखेरीज इतरांना देशाबाहेर ठेवण्यासाठी केलेल्या १९०१ च्या कायद्यातली श्रुतलेखनाची परीक्षा बाहेर काढली गेली. अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, उमेदवाराने तो बिनचूक उतरवून घ्यायचा. भाषा निवडण्याचा अधिकार अधिकाऱ्याचा. माल्टीज मजुरांसाठी निवडली गेली डच. सगळे नापास झाले, आणि त्याचसाठी तर ती निवडली होती. जहाज पुढे पॅसिफिकमधल्या फ्रेंचांच्या न्यू कॅलेडोनिया बेटावर, नूमेयाला गेलं. तिथून या माणसांना सिडनीला आणून बंदरातल्या एका जुन्या, निकामी जहाजावर ठेवण्यात आलं. १९१७ च्या मार्चमध्ये त्यांचे पाय जमिनीला लागले. सार्वमत सरकार हरलंच होतं. या लोकांना नाव पडलं ‘बिली ह्यूजची पोरं’, आणि ते नाव माल्टीज समाजात आजही सांगितलं जातं.

याच काळात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईतून आलेले जखमी ऑस्ट्रेलियन सैनिक माल्टाच्या रुग्णालयांत उपचार घेऊन गेले होते. आणि ज्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या बंदरात हे लोक अडकले, त्याचे गव्हर्नर होते जेरल्ड स्ट्रिकलंड. त्यांचा जन्म व्हॅलेटाचा, आई माल्टीज. पुढे ते माल्टाचे पंतप्रधानही झाले. म्हणजे एक माल्टीज गव्हर्नरच्या निवासात आणि २१४ माल्टीज गंजक्या जहाजावर, बंदर एकच. रंगाचा प्रश्न म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यात वर्गाचा प्रश्नही तितकाच दिसतो.

दुसऱ्या महायुद्धात बेटावर बॉम्बचा पाऊस पडला. एप्रिल १९४२ मध्ये राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. पदकाने घरं उभी राहत नाहीत. तीन लाखांच्या आसपास वस्ती, पडकी शहरं आणि पुन्हा ओस पडत चाललेली गोदी. ज्या ऑस्ट्रेलियाने १९१६ साली दार लावलं होतं त्यालाच आता माणसं हवी होती. १९४८ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि प्रवासखर्चाचा मोठा वाटा सरकारांनी उचलला. १९४६ पासून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत अशा सवलतीच्या प्रवासाने १ लाख ४० हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले. त्यातले निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियाला, बाकीचे इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेला. एकट्या १९५४ मध्ये ११ हजारांवर माणसं गेली.

या सगळ्यात एक साल सहसा कुणी सांगत नाही, आणि अर्जांचं मूळ त्यातच आहे. माल्टामध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं १९४६ मध्ये. म्हणजे पन्नाशीच्या दशकात बोटीवर चढलेली तरुण मंडळी या कायद्याच्या आधी वाढलेली होती. कुणी चार इयत्ता शिकलेला, कुणी तेवढंही नाही. बोलीपुरती इंग्रजी काहींना येत होती, कारण गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काम केलेलं. लिहिण्या-वाचण्याची गोष्ट वेगळी. घरची भाषा माल्टीज. अरबीच्या कुळातली, रोमन लिपीत लिहिली जाणारी आणि इटालियन शब्दांनी गच्च भरलेली. ती बाहेरच्या जगात कुठेच चालत नव्हती. ऑस्ट्रेलियाला कारखान्यात हात हवे होते, त्या हातांना लिहिता येतं का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. डच येत नाही म्हणून अडवणारा देश आता काहीच विचारत नव्हता.

ही पोकळी आधी चर्चने भरली. १९५० मध्ये कॅथलिक धर्मगुरू मोन्सिन्योर फिलिप कालेजा यांनी माल्टामध्ये एमिग्रंट्स कमिशन सुरू केलं. जाणाऱ्यांना माहिती द्यायची, कागदपत्रं बघायची आणि मागे राहिलेल्या कुटुंबांची विचारपूस करायची. बरेचदा नवरा आधी जायचा, नोकरी आणि खोली मिळाली की बायकामुलांना बोलवायचा. मधल्या महिन्यांत, कधी वर्षांत, सगळा संसार पत्रांवर चालायचा. आणि पत्र लिहिता येत नसेल तर लिहून देणाऱ्यावर. व्हॅलेटातल्या कमिशनच्या इमारतीचं नाव ‘दार ल-एमिग्रान्त’. माल्टीजमध्ये ‘दार’ म्हणजे घर. मराठी कानाला ते दार ऐकू येतं, आणि तिथून किती माणसं बाहेर पडली हे पाहता तो अर्थही चालून जावा. ऑस्ट्रेलियाच्या टोकाला माल्टाच्याच मिशनरी सोसायटी ऑफ सेंट पॉलचे धर्मगुरू १९४८ पासून पोचू लागले होते. पापांचा कबुलीजबाब ऐकायचा तोही माल्टीजमध्ये, आणि घरमालकाची नोटीस वाचून द्यायची तीही माल्टीजमध्ये.

चर्चच्या कामाची दुसरी बाजू इथे झाकून चालणार नाही. १९५० ते १९६५ या काळात ३१० माल्टीज मुलांना पालकांशिवाय ऑस्ट्रेलियातल्या कॅथलिक संस्थांत पाठवलं गेलं, बहुतेकांना पश्चिम ऑस्ट्रेलियात. गरीब आई-बापांना शिक्षणाची आणि चांगल्या भवितव्याची आशा दाखवली होती. पुष्कळांच्या वाट्याला अंगमेहनत, मारहाण आणि भावंडांची ताटातूट आली. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी संसद भवनात अशा सगळ्या मुलांची माफी मागितली. तोवर त्यातली मुलं आजोबांच्या वयाची झाली होती.

मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइन, सेंट ऑल्बन्स आणि आसपासच्या उपनगरांत कारखान्यांजवळ माल्टीज वस्ती वाढली. सिडनीत पेंडल हिल, ग्रेस्टेन्स, ब्लॅकटाउनकडे भाजीमळे आणि कोंबडीपालन. मंडळं निघाली ती आधी गावांची. प्रत्येक गावाचा संत वेगळा, त्याची मिरवणूक वेगळी, बँड वेगळा आणि बँडवाल्यांचं वैरही वेगळं. तेही सामानाबरोबर बोटीतून आलं असावं. मुंबईतल्या कोकणी ग्रामस्थ मंडळांची ज्यांना सवय आहे त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको. फुटबॉलचा क्लब मात्र सगळ्यांचा. मेलबर्नच्या माल्टीज पोरांनी १९४७ मध्ये काढलेल्या क्लबाने नाव घेतलं ‘जॉर्ज क्रॉस’. सिडनीतला ‘मेलिता’ १९५६ चा.

इतकी मंडळं झाली की सरकारदरबारी कुणी कुणाच्या वतीने बोलायचं हेच कळेना. व्हिक्टोरियात १९५८ मध्ये ती एका छत्राखाली आली, हीच आजची पार्कव्हिलची कौन्सिल. टोरांटोत हाच प्रवास बराच आधी झाला होता. तिथली माल्टीज कॅनेडियन सोसायटी १९२२ ची, आणि डंडास रस्त्यावरचं सेंट पॉल हे माल्टीज चर्च १९३० चं.

पहिली वीस वर्षं हे सगळं काम कारखान्याची पाळी संपवून आलेल्या माणसांनी फुकटात केलं. पालटलं ते १९७८ च्या गॅलबली अहवालानंतर. मेलबर्नचे वकील फ्रँक गॅलबली यांच्या समितीने सांगितलं की स्थलांतरितांना मदत त्यांच्याच संस्थांमार्फत पोचवा आणि त्यासाठी त्या संस्थांना पैसे द्या. त्यातून मंडळांना पगारी समाजसेवक ठेवता येऊ लागले. त्याआधी १९७५ मध्ये सरकारी रेडिओवर इतर भाषांचे कार्यक्रम सुरू झाले होते, आणि पहिल्या मोजक्या भाषांत माल्टीज होती. अनुदानाबरोबर अहवाल, हिशेब आणि तपासणी आली. अर्ज भरून देणारी संस्था आता स्वतःसाठीही अर्ज भरू लागली.

आणि मग ती पिढी म्हातारी झाली. ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला माल्टीज वंशाचे म्हणवणारे जवळपास दोन लाख निघाले. प्रत्यक्ष माल्टात जन्मलेले ३५ हजारांच्या घरात. नवी भर फारशी नाही, त्यामुळे या ३५ हजारांतले बरेचजण सत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले. स्मृतिभ्रंश झाला की मागाहून शिकलेली भाषा आधी जाते हे डॉक्टर सांगतात. कारखान्यात चाळीस वर्षं कामापुरती इंग्रजी बोललेली बाई एका सकाळी फक्त माल्टीज बोलू लागते. मुलं ऑस्ट्रेलियन शाळेत शिकलेली. त्यांना समजतं थोडं, बोलता येत नाही. माल्टाने २००० साली दुहेरी नागरिकत्व खुलं केलं, तेव्हा अनेकांनी हौसेने पासपोर्ट काढले. पण घरी येणाऱ्या मदतनिसाला ‘उजीअ’ म्हणजे दुखतंय, ‘इल्मा’ म्हणजे पाणी आणि ‘बर्द’ म्हणजे थंडी हे कळणं, ही गरज पासपोर्टने भागत नाही. म्हणून मंडळ माल्टीज बोलणारी माणसं शोधत असतं, आणि ती दरवर्षी कमी होत जातात. जिथे मिळत नाहीत तिथे चित्र आणि शब्द छापलेली कार्डं पलंगाशेजारी ठेवतात.

तिकडे व्हॅलेटात ‘दार ल-एमिग्रान्त’ अजून चालू आहे. गेली वीसेक वर्षं तिथे मुख्यतः आफ्रिकेतून बोटींनी आलेले निर्वासित येतात. २०२१ च्या शिरगणतीत माल्टातला दर पाचवा माणूस परदेशी होता, आणि या परदेश्यांत भारतीयांचा गट मोठ्या गटांपैकी एक. त्यातले कित्येक वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामात आहेत. ‘उजीअ’ म्हणजे काय, हे आता त्यांनाही शिकावं लागतं.