कलर सेन्सर (रोबॉटिक्स)

कलर सेन्सर किंवा रंगसंवेदक म्हणजे रोबोला चाकांखालच्या पृष्ठभागाचा किंवा समोरच्या वस्तूचा रंग ओळखता यावा म्हणून बसवलेला भाग. तो रंग ‘पाहतो’ असे म्हणणे थोडे उदारपणाचे आहे. स्वतःचा उजेड टाकायचा आणि त्यातला तांबडा, हिरवा, निळा भाग किती परत आला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. त्या आकड्यांना पिवळा म्हणायचे की पांढरा, हे बहुधा प्रोग्रॅमने ठरवायचे.

अर्डुइनोबरोबर (शिकाऊ लोकांच्या आवडीचा, प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) सर्रास वापरल्या जाणाऱ्या टीसीएस३२०० या चिपवर ८×८, म्हणजे ६४ फोटोडायोड (उजेडाचे विजेत रूपांतर करणारे बारीक भाग) असतात: १६ तांबड्या फिल्टरचे, १६ हिरव्या, १६ निळ्या आणि १६ बिनफिल्टरचे. चारही प्रकार एकमेकांत मिसळून मांडलेले असल्याने उजेड एका बाजूला जास्त पडला तरी कुठल्याही एका रंगाचे पारडे जड होत नाही. उजेड वाढला की बाहेर येणाऱ्या चौकोनी तरंगाची वारंवारता वाढते. नवशिके मात्र बहुधा अर्डुइनोच्या ‘पल्सइन’ या आज्ञेने एका स्पंदाचा काळ मोजतात आणि तो उलटा चालतो: तांबड्या कागदावर तांबड्याचा आकडा घटतो. वायरिंग चुकले समजून सगळे उपसून पुन्हा जोडणारे यातूनच निघतात.

लेगोच्या माइंडस्टॉर्म्स ईव्ही३ या रोबो बनवण्याच्या संचातला (२०१३) सेन्सर निवाडा स्वतःच करतो. काळा, निळा, हिरवा, पिवळा, तांबडा, पांढरा, तपकिरी यांपैकी एक उत्तर देतो, नाहीतर ‘रंग नाही’ म्हणतो. पण पांढऱ्यावरून काळ्या पट्टीवर सरकताना दोन्हींचा उजेड मिसळतो आणि तिथे नसलेलाच रंग क्षणभर सांगितला जातो. म्हणून लागोपाठ काही वेळा तेच उत्तर आल्यावरच ते धरावे. याच सेन्सरच्या परावर्तन मोडमध्ये, म्हणजे रंग न ओळखता फक्त परत आलेला उजेड मोजताना, फक्त तांबडा दिवा लागतो. पांढऱ्या कागदावरची तांबडी पट्टी तेव्हा जवळजवळ दिसेनाशी होते.

कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरचे आकडे आधी ओळखीच्या रंगांशी जुळवून घेणे, सोपे, तरी टाळले जाते. त्याच जागी, त्याच उंचीवर आधी पांढरा आणि मग काळा कागद धरून आकडे घ्यायचे आणि पुढचे प्रत्येक मापन त्या दोन टोकांच्या मध्ये बसवायचे. मग तिन्ही रंगांचे गुणोत्तर काढले की उजेड कमी-जास्त झाला तरी फारसे बिघडत नाही. करडा आणि पांढरा यांत मात्र गुणोत्तराचा उपयोग नाही. तिथे एकूण उजेडच बघावा लागतो. चकचकीत इन्सुलेशन टेप दिव्याचा झोत सरळ परत फेकते, त्यामुळे काळी पट्टीही उजळ वाचली जाते. उन्हातले अवरक्त किरण टीसीएस३२०० चे फिल्टर अडवत नाहीत; टीसीएस३४७२५ या दुसऱ्या रंगसंवेदक चिपमध्ये त्यासाठी वेगळा फिल्टर असतो. तो नसेल तर सेन्सरभोवती काळ्या कागदाची नळी गुंडाळतात.