देहदानाचा फॉर्म भरला म्हणजे अवयवदान झालं असं नाही हो

डायलिसिसवर असलेल्या माणसाला हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच, "अगं आमच्या सासऱ्यांनी देहदान केलं, आधी कळलं असतं तर त्यांची किडनी तुलाच दिली नसती का!" बोलणाऱ्याचं मन मोठं असतं यात वादच नाही, आणि मी पण "हो ना" म्हणून विषय संपवते कारण सिस्टर सुया घेऊन उभी असते. पण खरं सांगू का, ते सासरे नव्वदीत घरी झोपेत गेले असतील तर त्यांची किडनी मलाच काय कोणालाच मिळाली नसती. देहदान वेगळं, अवयवदान वेगळं. फॉर्म वेगळे, कायदे वेगळे, देह जातो ती जागा वेगळी, आणि माणूस कुठे आणि कसा जातो यावर ठरतं की यातलं काय जमणार. चांगले शिकलेले लोक पण या दोन्हीची खिचडी करतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देहदान सोपंय समजायला. माणूस गेला की अख्खा देह मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागाला द्यायचा, तिथे तो फॉर्मॅलिन वगैरे देऊन टिकवतात आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पोरं त्यावर शिकतात. आपल्या महाराष्ट्रात यासाठी १९४९ चा ॲनाटॉमी ॲक्ट आहे, म्हणजे अवयवदानाच्या कायद्याच्या कितीतरी आधीचा. मृत्यू घरी झाला तरी चालतो, वय कितीही असलं तरी सहसा चालतं, फक्त डॉक्टरचा मृत्यूचा दाखला पाहिजे आणि होईल तितक्या लवकर देह पोचवला पाहिजे. कम्युनिस्ट नेते ज्योती बसू २०१० मध्ये गेले तेव्हा त्यांचा देह असाच कोलकात्यात दिला होता, त्यांच्याच पक्षाच्या सीताराम येचुरींचा २०२४ मध्ये दिल्लीच्या एम्सला. पण कॉलेज नाही पण म्हणू शकतं, हे लोकांना माहीत नसतं. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, पोलीस केस असेल, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी (बी प्रकारची कावीळ) असेल तर सहसा घेत नाहीत, बाकी प्रत्येक कॉलेजचे आपले आपले नियम असतात ते आधीच विचारून ठेवलेले बरे, आयत्या वेळी ॲम्ब्युलन्स दारात उभी करून फोनाफोनी करण्यात अर्थ नाही.

आता अवयवदान. इथे कायदा १९९४ चा, नंतर २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. आणि इथली मेख अशी की किडनी, लिव्हर, हृदय, फुप्फुस हे सगळं रक्तपुरवठा चालू असेपर्यंतच कामाचं. घरी हृदय बंद पडलं की थोड्याच वेळात हे अवयव खराब व्हायला लागतात. म्हणून मृत्यूनंतरचं अवयवदान आपल्याकडे जवळपास नेहमी आयसीयूतच होतं, माणूस ब्रेनडेड झालेला असतो पण व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, हृदय धडधडत असतं, अंग गरम असतं. नातेवाइकांना पटतच नाही की हा गेला, आणि का पटावं, मॉनिटरवर रेघा चालल्यात ना. त्यात कोणीतरी सांगतं की कोमातून लोक परत आलेत. आलेत, पण कोमात मेंदू जिवंत असतो, ब्रेनडेडमध्ये तो संपलेला असतो, स्वतःहून एक श्वास घ्यायची ताकद उरलेली नसते. हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं नसतं. चार डॉक्टरांचं पॅनल, तपासण्या दोनदा, मध्ये कमीत कमी सहा तास. त्यात ॲप्निया टेस्ट असते, म्हणजे थोडा वेळ व्हेंटिलेटर बाजूला करून, ऑक्सिजन चालू ठेवून, बघायचं की पेशंट स्वतः श्वास घेतो का. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढत जातो, जिवंत मेंदू अशा वेळी श्वास घ्यायला लावणारच. दोन्ही वेळा काहीच हालचाल नाही, तर मग घरच्यांना विचारतात.

पुढचं फार लोकांना ठाऊक नसतं. तुम्ही डोनर कार्ड भरलेलं असलं, पाकिटात घालून फिरत असलात, तरी शेवटी घरच्यांची सही लागते. आणि कार्ड नसलं तरी घरचे हो म्हणाले की दान होऊ शकतं. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसलेल्या बायकोवर, भावावर, पोरावर, ज्याला त्या घडीला धड काही सुचत नाहीये. त्याला जर आधी कधी जेवताना वगैरे ऐकलेलं असेल की "माझं काही झालं तर देऊन टाका रे" तर तो सही करतो, नाहीतर गावाकडून मामा येईपर्यंत थांबू म्हणतो आणि तोवर बीपी खाली जाऊन सगळं हातातून जातं. मामांना दोष नाही, त्यांना पण कोणी काही सांगितलेलं नसतं.

सही झाली की पुढची चक्रं फिरतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार ठिकाणी झेडटीसीसी आहे, अवयव कोणाला द्यायचा ते बघणारी विभागीय समिती म्हणा, अवयवाची वाट बघणाऱ्यांची यादी तिच्याकडे. माझं नाव आहे त्यातल्या एका यादीत. नंबर म्हणजे रेशनच्या रांगेसारखा सरळ नसतो, रक्तगट, किती वर्षं डायलिसिस चाललंय, वय, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला हातात ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) चालत नाहीये का असे गुण मिळून ठरतं. शिवाय फोन आला म्हणजे किडनी मिळाली असं पण नाही, एकापेक्षा जास्त पेशंटना बोलावतात, क्रॉसमॅच करतात, म्हणजे दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी आपल्या रक्तात आहेत का ते बघतात, आणि पूर्वी रक्त चढवलेलं असेल किंवा बाळंतपणं झालेली असतील तर शरीरात अशा अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात, त्यात नाव बाद होऊ शकतं. रात्रभर उपाशी बसून सकाळी घरी परत यायचं. आणि येऊन काय, तर पुन्हा आठवड्यातून तीनदा चार चार तास मशीन, पाणी भांड्याने मोजून, घसा कोरडा पडला तर बर्फाचा खडा तोंडात धरायचा, शहाळं बंद, बटाटा उकडून पाणी ओतून दिल्याशिवाय नाही. डाव्या हातातल्या फिस्टुलावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागतं, ते रोज सकाळी उठल्या उठल्या बघायचं कारण ते थांबलं म्हणजे फिस्टुला बंद पडला. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, पिशवी अडकवायची नाही. अशा माणसाला देहदान झालेल्या आजोबांची किडनी "दिली असती" म्हणून सांगतात तेव्हा काय वाटत असेल बघा.

आता गंमत बघा, दोन्हीचं गणित बरोबर उलटं आहे. रस्त्यावर अपघात होऊन डोक्याला मार लागला, आयसीयूत ब्रेनडेड झाला, तर पोलीस केस असूनसुद्धा पोलिसांना कळवून अवयवदान होतं, पोस्टमॉर्टेमची सोय त्याच्याबरोबर लावतात. पण तोच देह कॉलेजला देहदान म्हणून चालणार नाही. उलट म्हातारपणी घरी शांतपणे गेलेल्या माणसाचं देहदान होईल पण किडनी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांना माहितीय, त्यांनी देहदानाचं ठरवून ठेवलेलं, पण २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, पोस्टमॉर्टेम झालं, आणि देहदान राहिलं ते राहिलंच. साताऱ्यात अग्नी दिला त्यांना, कसले विधी न करता. इतक्या ठरवून जगलेल्या माणसाचं पण देहदान होणार की नाही हे शेवटी मरण कसं आलं त्यावरच ठरलं.

म्हणून मला विचाराल तर यातलं एक निवडायच्या भानगडीत पडू नका. दोन्हीचे फॉर्म भरा, घरी दोन्ही सांगून ठेवा, की आयसीयूत गेलो तर अवयव, घरी गेलो तर देह. अवयव काढल्यावर देह व्यवस्थित शिवून घरच्यांना परत मिळतो, तोंड बघता येतं, अंत्यविधी नेहमीसारखे होतात, आणि होकार दिल्यानंतरचा दानाचा खर्च दात्याच्या घरच्यांना भरावा लागत नाही. देहदानात मात्र देह परत मिळत नाही, त्यामुळे दहाव्या तेराव्याचं काय करायचं ते घरात आधीच बोलून घ्या, नाहीतर आत्या ऐन वेळी अडून बसतात. अवयव काढलेला देह पुन्हा देहदानाला सहसा घेत नाहीत, ही पण एक नोंद.

मधली वाट एकच, डोळे. ते दोन्हीकडे चालतात. घरी मृत्यू झाला तरी साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक येऊन कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, घेऊन जातात, त्यात रक्तगट जुळायची भानगड नाही, चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, आणि नंतर देहदान पण करता येतं. फक्त तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि पंखा बंद करायचा. पंख्याचं तेवढं लक्षात ठेवा कारण घरात माणसं जमली की कोणीतरी तो लावतंच.