दात काढायचाय म्हणून स्टेरॉइडची गोळी बंद करू नका

नाशकात पंचवटीत विचारा नाहीतर सिडकोत, दात काढायच्या आधी दोन दिवस स्टेरॉइड बंद ठेव, नाहीतर जखम भरत नाही, असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. हे चुकीचं आहे आणि धोक्याचं पण. संधिवातासाठी वगैरे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड महिनोन्महिने चालू असेल तर किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायचं कमी करतात, मग गोळी अचानक थांबवली की बीपी पडतं, उलट्या होतात, अगदी जिवावर बेतू शकतं. जखम हळू भरू शकते हे खरंय, पण दोन दिवसांच्या खाड्यानं त्यात काही फरक पडत नाही. साध्या दाताला बहुतेकांना रोजचा सकाळचा डोस पुरतो, मोठं ऑपरेशन असेल तर डॉक्टर कधी कधी डोस वाढवतात. डेंटिस्टला गोळ्यांची स्ट्रिपच दाखवा, किती मिग्रॅ ते त्यांना वाचू द्या. आणि अक्कलदाढ काढताना सूज कमी राहावी म्हणून बरेच डेंटिस्ट स्वतःच डेक्सामेथासोन देतात, तेही स्टेरॉइडच की!