हात उजवा, डोळा डावा

परभणीत अकरावीला असताना मी एनसीसीत पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल खांद्याला लावली. पालथं पडून पाच गोळ्या, २५ मीटरवरचं टार्गेट. मागून उस्ताद सांगत होते, "बायीं आँख बंद करो, शिस्त लो." एनसीसीच्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. माझा डावा डोळा काही मिटून राहीना. पापणी थरथरायची, उघडायची, आणि उघडली की एका फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या, दोन व्हायच्या. दोन गोळ्या कागदाला लागल्या, तीन मागच्या मातीत गेल्या. ‘नेम कच्चा’ असा शिक्का बसला आणि तो मी बरीच वर्षं खरा मानला. ज्वारी हुरड्यात आली की मी शेतात माळ्यावर उभा राहून गोफणीनं पाखरं हाकायचो, तेव्हा दगड बरोबर हवा तिथून जायचा. पण गोफण फिरवताना कुणी डोळा मिटत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

कारण कळलं ते फार उशिरा, आणि तेही आपल्याला घरबसल्या तपासता येईल इतकं सोपं निघालं. दोन्ही हात समोर ताठ करा, तळव्यांमध्ये लहानसा त्रिकोण धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस बघा. आता एकेक डोळा मिटा. एका डोळ्याला कळस त्रिकोणातच दिसेल, दुसऱ्याला तळहात दिसेल. कळस दिसला तो तुमचा वरचढ डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याचं ऐकतो तो. माझा डावा निघाला. इटलीच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्तानं १५९३ सालीच अशी एक चाचणी लिहून ठेवली होती. त्यात त्रिकोणाऐवजी बोट रोखायचं असतं.

जगात दहांतली नऊ माणसं उजव्या हाताची. डोळ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. सुमारे दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा वरचढ असतो, उरलेल्यांतल्या बहुतेकांचा डावा. उजव्या हाताच्या लोकांपुरतं पाहिलं तरी दर तिघांत साधारण एकाचा डोळा डावा निघतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात अशी पंधरा-वीस मुलं सहज असतील. हा आजार नाही, दोष नाही आणि चष्म्याच्या नंबराशीही त्याचा थेट संबंध नाही. वरचढ डोळा हा जास्त तीक्ष्ण डोळाच असेल असंही नाही.

हात आणि डोळा एका बाजूचे का नसतात, याचं उत्तर मेंदूच्या तारांत आहे. उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो. डोळ्याचं तसं नसतं. प्रत्येक डोळ्यातले निम्मे तंतू मेंदूच्या तळाशी ओलांडून पलीकडे जातात, निम्मे आपल्याच बाजूला राहतात. त्यामुळे प्रत्येक डोळ्याची माहिती मेंदूच्या दोन्ही अर्धांना मिळते. नेम धरताना कोणत्या डोळ्याचं ऐकायचं, हे हाताशी सल्लामसलत न करता ठरतं. आणि ते कायमचं ठरलेलंही नसतं. कॅनडातल्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिलं, की नजर एका बाजूला बरीच वळली की वरचढपणा त्या बाजूच्या डोळ्याकडे जातो. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण रायफल गालाला लावल्यावर मान तिरकी होते आणि उभं राहून केलेल्या चाचणीचा निकाल तिथे जसाच्या तसा लागू होईल असं नाही.

आता लोखंडी साइटची, म्हणजे रायफलीवरच्या नेम धरायच्या साध्या खुणांची, अडचण बघा. मागची खाच, पुढचं टोक आणि लांबचं टार्गेट, अशा तीन गोष्टी तीन अंतरांवर असतात आणि डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळतं. त्यात डावा डोळा मध्ये घुसला की पुढचं टोक दोन दिसतं. शॉटगनमध्ये, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीत, तर मागची साइटच नसते, नेमबाजाचा डोळाच मागची साइट होतो. उजव्या खांद्यावर बंदूक असताना मेंदूनं डाव्या डोळ्याचं ऐकलं, तर दोन डोळ्यांमधलं सहा-सव्वासहा सेंटिमीटरचं अंतर लांब जाता जाता फुगत जातं. ३० मीटरवर मारा सुमारे पावणेदोन मीटर डावीकडे जातो. मारणाऱ्याला मात्र नेम अगदी बरोबर होता असंच वाटत असतं, आणि ते खोटंही नसतं.

काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या रेड डॉट साइटनं ही तीन अंतरांची भानगड मिटवली. ती कशी, हे समजायला रात्रीची एसटी पुरे. जिंतूरहून परभणीला येताना आतल्या दिव्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि दिवा बाहेर तुरीच्या शेतावर तरंगताना दिसतो. रेड डॉटमध्येही समोर अशीच एक काच असते. तिच्यावर असा मुलामा असतो, की ती लाल प्रकाश परतवते आणि बाकीचे रंग आरपार जाऊ देते. म्हणून त्यातून जग किंचित निळसर-हिरवट दिसतं. खालच्या कडेला एक इवलासा एलईडी असतो. मात्र एसटीची काच सपाट, ही वक्र. एलईडी बरोबर तिच्या नाभीवर बसवलेला असल्यानं परतणारे किरण एकमेकांना समांतर निघतात.

समांतर किरण म्हणजे काय, हेही त्याच खिडकीतून दिसतं. बाभळी मागे पळतात, चंद्र मात्र बरोबर येतो. तो इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापाशी समांतरच पोचतात. आपण जागा बदलली तरी त्याची दिशा बदलत नाही. लाल ठिपका त्या चंद्रासारखा वागतो. डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी तो नळीच्या दिशेलाच राहतो, आणि टार्गेटवर नजर जुळवली की ठिपकाही स्पष्ट दिसतो. काचेच्या अगदी कडेला तो थोडा सरकतो, शंभर टक्के निर्दोष तो नाही. पण खाच, टोक आणि टार्गेट एका रेषेत आणण्याचं काम उरत नाही. अनेक साइटमध्ये ठिपक्याचा आकार दोन मिनिटांच्या कोनाचा असतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर असा ठिपका सुमारे सहा सेंटिमीटर जागा झाकतो.

ही कल्पना बंदूकवाल्याची नव्हे, दुर्बीणवाल्याची. डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली तिचं पेटंट घेतलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्याच सुमारास नवाब जफर जंग यांनी हैदराबादेत उभारलेल्या निजामिया वेधशाळेत बसवलेली १५ इंची दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्याची. विजेवर चालणारी लहान, टिकाऊ रेड डॉट साइट मात्र १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं आणली.

त्याआधीची एक साइट आपल्या विषयाला जास्त जवळची आहे. सिंगलपॉइंट नावाच्या त्या नळीतून पलीकडचं काहीच दिसत नसे, काळ्या पार्श्वभूमीवर नुसता ठिपका. नोव्हेंबर १९७० मध्ये उत्तर व्हिएतनाममधल्या सोन ताय तुरुंगावर रात्री छापा घालणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या रायफलींवर ती होती. उजवा डोळा ठिपका बघे, डावा डोळा टार्गेट, आणि मेंदू दोन्ही चित्रं एकावर एक ठेवी. खोटं वाटत असेल तर जुन्या दिनदर्शिकेचं पान गुंडाळून नळी करा, उजव्या डोळ्याला लावा, डावा तळहात नळीच्या टोकाशेजारी धरा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवा. तळहाताला गोल भोक पडलेलं दिसेल.

उजवा हात आणि डावा डोळा असणाऱ्याला रेड डॉट मानवते, ती या जुळणीमुळे. टार्गेटचं चित्र डाव्या डोळ्याकडून आलं तरी हरकत नाही, कारण ठिपका फक्त उजव्याला दिसतो आणि तो इतका लख्ख असतो की मेंदू त्याला सहसा टाळत नाही. डोळा मिटायची गरज नाही, पापणी थरथरायची भानगड नाही.

तरी काहींचं यानं भागत नाही. डावा डोळा फारच वरचढ असेल तर मेंदू उजव्याचं चित्र अधूनमधून दाबून टाकतो आणि ठिपका गायब होतो. ठिपक्याचा उजेड वाढवला की बऱ्याचदा तो परत येतो. पण डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर असेल तर उजेड वाढवल्यावर ठिपका फाटून चांदणीसारखा किंवा स्वल्पविरामासारखा दिसू लागतो. अशा वेळी मोबाइलनं साइटमधून फोटो काढावा. फोटोत ठिपका गोल आला तर साइट ठीक आहे, डोळे तपासून घ्यावेत.

दुसरी अडचण जास्त लपलेली आहे. बहुतेकांचे डोळे पूर्ण सरळ जुळलेले नसतात. दोघांना एकच दृश्य दिसतं म्हणून मेंदू त्यांना ओढून जुळवून ठेवतो. एका डोळ्यासमोरचं दृश्य बंद केलं की तो आपल्या सवयीच्या जागी थोडा सरकतो. सिंगलपॉइंटमध्ये, किंवा आजच्या साइटचं पुढचं झाकण लावून नेम धरला तर, हेच होतं आणि ठिपका भलतीकडे दिसतो. झाकण उघडं असेल तर उजव्या डोळ्यालाही टार्गेट दिसतं, दोघं जुळून राहतात आणि चूक फारशी उरत नाही. रेंजवर, प्रशिक्षकासमोर, रिकाम्या रायफलनं हे करून बघता येतं: झाकण लावून ठिपका टार्गेटवर आणायचा, रायफल तशीच स्थिर ठेवून झाकण उघडायचं आणि डावा डोळा मिटून ठिपका टार्गेटवरच आहे की सरकला, ते बघायचं.

१० मीटर एअर रायफलच्या स्पर्धांत रेड डॉट चालत नाही. तिथे बारीक भोकाची पीप साइट असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. त्या खेळाडूंना दुसऱ्या डोळ्यापुढे ३० मिलिमीटरपर्यंत रुंद पट्टी लावायची मुभा असते. ती काळी नसून दुधी असलेली बरी. एका डोळ्यापुढे अंधार केला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात आणि नेमाच्या डोळ्याची रेखीवता कमी होते.

माझ्या भाचीनं एनसीसीत नाव घातलं तेव्हा आम्ही आधी गच्चीवर जाऊन टाकीकडे त्रिकोण धरला. डावा डोळा. नव्यानं शिकणाऱ्यानं वरचढ डोळ्याच्या खांद्यावरूनच शिकावं, असं माझं मत आहे. पण तिच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे दर गोळीला ओढायचा दांडा, उजवीकडे, डाव्या खांद्यावरून तो ओढायला प्रत्येक वेळी हात आडवा न्यावा लागे. मग साध्या पारदर्शक गॉगलच्या डाव्या काचेवर रुपयाएवढा दुधी टेप लावायचं ठरलं. तो उभ्यानं लावला तर पालथं पडल्यावर मान कलते आणि डोळा त्याच्या वरून बघू लागतो. म्हणून काठी गालाला लावून, चटईवर पालथं पडूनच जागा शोधावी लागली. तिसऱ्या तुकड्याला ती सापडली, नाकाच्या बाजूला आणि मी समजत होतो त्याहून बोटभर वर.