संशय आला तरी कळवा : आजार नोंदवण्याच्या सक्तीची पार्श्वभूमी

घटसर्प, पटकी, गोवर, पोलिओ अशा काही आजारांचा रुग्ण समोर आला की डॉक्टरचे काम औषध लिहून संपत नाही. आरोग्य अधिकाऱ्यालाही कळवावे लागते. हे ‘नोटिफायेबल’ आजार. त्यांची यादी देशागणिक बदलते, पण एक गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखी आहे. तातडीच्या आजारांत प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायची नसते, लक्षणांवरून संशय आला की कळवायचे. इथवर यायला दोन-तीन शतके लागली.

सुरुवातीला मोजले जात ते मृत्यू. 17व्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची पत्रके निघत. मृतदेह पाहून कारण सांगण्याचे काम वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या वयस्क बायकांकडे असे. लंडनचे व्यापारी जॉन ग्राँट यांनी 1662 मध्ये या पत्रकांचा अभ्यास छापला, तेव्हा उपदंशाचे (सिफिलिस या लैंगिक आजाराचे) मृत्यू दुसऱ्याच कारणाखाली कसे जातात हेही नोंदवले : थोडी दारू आणि थोडी लाच पुरे होई. लपवाछपवी नोंदीइतकीच जुनी आहे. शिवाय माणूस गेल्यावर कळून साथ थांबवायला फारसा उपयोग नसे.

जिवंत रुग्णांची खबर देण्याची सक्ती पहिल्यांदा डॉक्टरांवर आली, असेही नाही. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड वसाहतीने 1741 मध्ये ती सराईवाल्यांवर घातली. उतारूंमध्ये कोणी सांसर्गिक आजाराने पडला तर त्यांनी कळवायचे.

डॉक्टरांना खऱ्या अर्थाने बांधले ते 19व्या शतकाच्या अखेरीच्या कायद्यांनी. इंग्लंडचा 1889 चा कायदा लंडनला सक्तीचा होता, बाकी शहरांना ऐच्छिक. 1899 मध्ये तो सगळीकडे लागू झाला. यादीत देवी, पटकी, घटसर्प, विषमज्वर, टायफस, स्कार्लेट फीवर, बाळंतपणानंतरचा ताप असे आजार होते. कळवायचे कुटुंबप्रमुखानेही आणि डॉक्टरनेही. डॉक्टरला खासगी रुग्णामागे अडीच शिलिंग, सार्वजनिक नोकरीत पाहिलेल्या रुग्णामागे एक शिलिंग मिळे. न कळवल्यास 40 शिलिंगपर्यंत दंड. डॉक्टरांनी विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले सरकारला कसे सांगायचे? आणि घरावर अधिकारी येणार हे ठाऊक झाल्यावर लोक डॉक्टरला बोलावतील तरी का?

क्षयरोगात हा वाद सर्वांत कडवट झाला. देवी दिसते, लपत नाही. क्षय वर्षानुवर्षे रेंगाळतो आणि कळला की नोकरी जाण्याची, विमा नाकारला जाण्याची भीती. न्यूयॉर्क शहरात तिथल्या आरोग्य खात्याचे अधिकारी हर्मन बिग्ज यांनी 1897 मध्ये क्षयाची नोंद सक्तीची केली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या संघटना त्यांच्यावर तुटून पडल्या. पण बिग्ज यांच्या खात्याने थुंकीची तपासणी फुकट करून द्यायला आधीच सुरुवात केली होती. डॉक्टरला निदान मिळे, खात्याला रुग्णाचे नाव. माझ्या मते दंडाच्या धाकापेक्षा ही देवघेव अधिक कामी आली. आजही कळवणाऱ्या डॉक्टरला उलट काही मिळत नसेल, तर फॉर्म टेबलावरच पडून राहतात.

जीवाणूशास्त्राने निदान पक्के केले, पण त्यातून नवी अडचण आली : खात्री होईपर्यंत थांबायची सवय. घटसर्पाच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, निकाल येईपर्यंत घरातले दुसरे मूल आजारी पडलेले असते. त्यावरचा तोडगा म्हणजे संशयित, संभाव्य आणि निश्चित अशा पायऱ्यांच्या व्याख्या. पहिली पायरी मुद्दाम सैल ठेवलेली असते, तिच्यात तो आजार नसलेली काही माणसेही सापडणार हे गृहीत धरून.

पोलिओ निर्मूलनाने तर आजाराचे नावच बाजूला ठेवले. 15 वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की कळवायचे. कारण दुसरेच वाटत असले तरी. मग 14 दिवसांच्या आत, किमान 24 तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे. पोलिओ नसलेल्या भागातही दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक असा रुग्ण नोंदला जावा, ही अपेक्षा असते. त्याहून कमी आले तर आजार कमी आहे असे नव्हे, पाहणारे कमी पडले असे धरतात. रुग्ण नसेल तर ‘शून्य’ असे लिहून कळवायचे, कारण कोऱ्या रकान्याचा अर्थ लागत नाही.

यादीतच नसलेल्या आजाराचे काय, हा प्रश्न 1981 मध्ये समोर आला. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना एरवी फार क्वचित दिसणारा न्यूमोनिया झाल्याची नोंद त्या जूनमध्ये छापली गेली. तीच पुढे एड्सची पहिली नोंद ठरली. त्याआधी त्या न्यूमोनियाच्या दुर्मीळ औषधाची मागणी विनाकारण वाढल्याचे सरकारी औषधसाठा सांभाळणाऱ्या कर्मचारी महिलेच्या लक्षात आले होते. तरीही देशांनी जागतिक आरोग्य संघटनेला काय कळवायचे, याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याच वर्षापासून पटकी, प्लेग आणि पीतज्वर एवढेच तीन आजार उरले होते. 2003 च्या सार्स या नव्या श्वसनरोगाच्या साथीने ही यादी अपुरी असल्याचे दाखवले. 2005 मध्ये सुधारलेले आणि 2007 पासून लागू झालेले नियम सांगतात : आजाराला नाव असो वा नसो, असामान्य घटनेची 48 तासांत तपासणी करा आणि ती गंभीर ठरली तर पुढच्या 24 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवा.

आता अनेक देशांत प्रयोगशाळाही थेट संगणकावरून कळवतात, त्यामुळे डॉक्टर विसरला तरी नोंद पोहोचते. अर्थात नमुना प्रयोगशाळेपर्यंत गेला असेल तरच.