बांधाचा वाद, मोजणी आणि परदेशातली मुलं : अर्ज करण्याआधी वाचा

“वडिलांचा बांध शेजाऱ्यांनी कोरलाय, ताबडतोब मोजणी लावून द्या.” अमेरिका, इंग्लंड, दुबईहून येणारे आमचे बहुतेक फोन असेच सुरू होतात. गावाकडच्या जमिनीची मोजणी लावून देणं हे आमचं कामच, तेव्हा ती जरूर लावू. पण अर्जाआधी आम्ही जुने कागद काढायला वेळ मागतो आणि त्याची फी वेगळी घेतो, हे अनेकांना खटकतं. हा वेळ कशासाठी लागतो, ते इथे सविस्तर सांगतो.

सगळ्यात जास्त महिने वाया घालवणारी चूक एकच आहे : पोटहिस्सा (गटाचा वाटणीतला तुकडा) नकाशावर आहे की नाही हे न बघताच ‘हद्द कायम’ मोजणीचा (अभिलेखातली हद्द जागेवर दाखवणाऱ्या मोजणीचा) अर्ज करणं.

समजा, आजोबांच्या नावावर गट नंबर २१४ होता. तीन मुलांत वाटप झालं, फेरफार मंजूर झाला आणि २१४/१, २१४/२, २१४/३ असे तीन सातबारे झाले. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळं क्षेत्र. घरच्यांच्या दृष्टीने वाटणी पूर्ण झाली. भूमी अभिलेख खात्याच्या नकाशावर मात्र गट २१४ अजून अखंडच आहे, कारण पोटहिस्स्यांची मोजणी तेव्हा कुणी केलीच नाही. बांध घातले ते अंदाजाने, पावलं टाकून. आता चुलत्यांशी वाद झाला आणि तुम्ही ‘हद्द कायम’चा अर्ज केलात, तर भूकरमापक (खात्याचा मोजणी कर्मचारी) काय करणार? तो हद्द दाखवतो ती अभिलेखावरून. अभिलेखात गटाची फक्त बाहेरची हद्द आहे, तेवढीच तो दाखवेल. मधल्या ज्या बांधावरून बोलणं बंद झालंय, तो जिथल्या तिथे. तिथे लागते पोटहिस्सा मोजणी, आणि तिच्यासाठी गटातल्या सगळ्या सहधारकांची संमती लागते. द्रुतगतीची चौपट फी भरूनही यात फरक पडत नाही. चुकीच्या प्रकारची मोजणी लवकर होते, एवढंच.

वाद दुसऱ्या गटाच्या शेजाऱ्याशी असेल आणि दोन्ही गटांचे नकाशे जागेवर असतील, तर मात्र ‘हद्द कायम’ अगदी योग्य. म्हणून आम्ही आधी गटाचा नकाशा, एकत्रीकरण योजनेचा (तुकडे जोडून गट पाडल्याचा) उतारा, आकारफोड (हिस्सेवार क्षेत्र आणि आकारणीचा तक्ता), फाळणी (हिस्स्यांचा मोजणी नकाशा) आणि वाटपाचा मूळ फेरफार काढतो. सातबारा क्षेत्र आणि नाव सांगतो. बांध कुठून जातो हे त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. क्षेत्र ताडताना पोटखराबाही (लागवडीस अयोग्य जमीन) धरा. नुसतं लागवडीचं क्षेत्र बघून “आमची चार गुंठे गेली” म्हणणारे पुष्कळ असतात.

मोबाइलवरच्या नकाशावर लाल रेघ ओढून पाठवलेली चित्रं आम्हाला रोज येतात. त्यांतून शेत कुठलं ते कळतं, हद्द कळत नाही. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइल साधारण ३ ते ५ मीटर चुकतो. बांध २०० मीटर लांब असेल तर १ मीटरचा फरक म्हणजे २०० चौरस मीटर, जवळजवळ दोन गुंठे (एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट). म्हणजे भांडण जेवढ्याचं, त्याच्या तिप्पट-चौपट चूक त्या रेघेतच असते. मोजणी खात्याचं रोव्हर यंत्र काही सेंटीमीटरपर्यंत जातं. कृपया ती चित्रं भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकू नका. गावात राहायचं असतं ते आई-वडिलांना.

आता तुमच्या सहीबद्दल. वडील हयात आहेत आणि सातबारा त्यांच्याच नावावर आहे, तर अर्ज त्यांच्या सहीने होतो, तुमच्या मुखत्यारपत्राची गरज नाही. अर्जात मोबाइल नंबरही गावातलाच द्या. तारखेचा निरोप त्यावर येतो. वडील गेले असतील आणि वारस म्हणून तुमचं नाव लागलं असेल, तर चित्र पालटतं. आईची सही आहे, भावाची आहे, आणि पोटहिस्सा मोजणी अडलीय ती न्यू जर्सीतल्या मुलीच्या सहीपायी, असं वरचेवर होतं.

अशा वेळी मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्या. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र) हाही मार्ग आहे. त्यात गाव, तालुका आणि प्रत्येक गट नंबर लिहा. “माझ्या सर्व मिळकती” एवढ्यावर भागवू नका. नाव सातबाऱ्यावर आहे तसं आणि पासपोर्टवर आहे तसं, दोन्ही लिहा. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू देऊ नका. तारखेचा पुरावा तोच. आमच्या मसुद्यात अर्ज करणं, मोजणीला हजर राहणं, जबाब देणं, नकाशाची प्रत घेणं आणि गरज पडल्यास निमताना मोजणी (अपिलातली फेरमोजणी) मागणं एवढेच अधिकार असतात. विक्रीचा अधिकार आम्ही घालत नाही, कुणी आग्रह केला तरीही.

अर्जात लगतधारकांची नावं बिनचूक हवीत. शेजारचे तात्या वारले असतील तर नोटीस त्यांच्या वारसांना गेली पाहिजे. ती गेली नाही, तर मोजणीनंतर “आम्हाला कळवलंच नाही” ही हरकत येते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ही नावं आम्ही चालू सातबाऱ्यांवरून काढतो आणि गावात विचारून पडताळतो. उसाच्या पट्ट्यात तोडणी झाल्यावर, खोडवा (तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक) वाढायच्या आत तारीख मिळेल असा अर्ज करावा. उभ्या उसात मोजणी होत नाही.

मोजणीच्या दिवशी चुना, खुणेचे दगड आणि दोन मजूर आपल्याकडून लागतात. खुणा शेजाऱ्यांच्या समक्ष लावून घ्याव्यात आणि लगेच फोटो काढावेत. नंतर मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. तीवर अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्षातली वहिवाट, दोन्ही दिसतात. शेजाऱ्यांना मोजणी मान्य नसेल तर ते निमताना मोजणी मागू शकतात. ती वरिष्ठ अधिकारी करतात.

मोजणी झाली म्हणजे ताबा मिळाला, असं नाही. अतिक्रमण निघालं आणि समोरचा हटला नाही, तर महसूल अधिकाऱ्यांकडे किंवा दिवाणी न्यायालयात जावं लागतं. ते काम वकिलांचं. आम्ही त्यांना कागदांची फाइल लावून देतो. न्यायालयात प्रतिकूल कब्जाचा (दीर्घ ताब्यावरून मालकी सांगण्याचा) मुद्दा १२ वर्षांच्या मुदतीशी बांधलेला असतो, म्हणून “पुढच्या सुट्टीत बघू” करत वर्षं जाऊ देऊ नका. तोपर्यंत कुणीही, आपल्या वडिलांनीसुद्धा, खुणेचे दगड उपटू नयेत. हद्दीच्या खुणेला धक्का लावणं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार दंडाला पात्र आहे.

कागदांच्या तपासणीत तडजोड शक्य दिसली तर तसं स्पष्ट सांगतो. दोन्ही घरांनी मिळून पोटहिस्सा मोजणी मागितली तर खर्च विभागतो, आणि तशी कामं आम्ही आनंदाने घेतो.

पहिल्या फोनआधी एवढं पाठवा : तुमचा आणि शेजाऱ्यांचा चालू सातबारा, ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), घरात असेल तो जुना वाटपाचा कागद (स्टँपपेपर फाटका असला तरी चालेल), आणि वाद नेमका कुठल्या बाजूच्या बांधाचा हे वडिलांच्या शब्दांत. तुमच्या वेळेनुसार आम्ही रात्री साडेनऊपर्यंत फोन घेतो. त्या फोनवर आई-वडिलांनाही जोडून घ्या. जुना बांध कुठे होता हे त्यांनाच माहीत असतं.